काकू, लव्हाळा खाडीचाच होता

काकू,

तुम्हाला जाऊन पंधरवडाही झालेला नाही आणि मी तुमच्याशी भांडायला बसले आहे. रडून झालं, मृणालच्या गळ्यात पडून झालं, काकांच्या शेजारी नुसतं बसून राहणंही झालं. आता उरलंय ते आपलं भांडण. ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात. फर्रुखनगरच्या रस्त्याला आपल्याला सापडलेला लव्हाळा आमच्या खाडीतलाच होता, हे तुम्ही शेवटपर्यंत कबूल केलं नाहीत. ‘बहुधा’ म्हणालात. आणि इतक्या वर्षांत त्या ‘बहुधा’च्या पुढे एक पाऊल टाकलं नाहीत.

तुमच्या शोकसभेत सोसायटीचे अध्यक्ष हिंदीत बराच वेळ बोलले. तुम्ही आदर्श गृहिणी होतात म्हणे. मृणालने मला कोपराने ढोसलं आणि पुटपुटली, “नसीमाताई, आईला हे ऐकून कितना गुस्सा आला असता!” आम्ही दोघी खाली माना घालून हसलो. लोकांना वाटलं, रडतोय. तसं रडतही होतोच.

मी दिल्लीत आले ते कुवेतची लढाई होऊन गेल्यानंतर. अब्बांची तिथली नोकरी गेली होती, ते घरी परतले होते, आणि घरातल्या सगळ्यांच्या आशा माझ्यावर येऊन थांबल्या होत्या. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीकाठच्या गावातली पोर कलेक्टर होणार! मुनीरक्यातल्या एका गच्चीवरच्या खोलीत मी परीक्षेची पुस्तकं मांडून बसले. विषय वनस्पतिशास्त्र. मेसमधल्या कुणीतरी सांगितलं की आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये एक मराठी बाई आहेत, एम.एस्सी. बॉटनी, शिकवतात छान. मी जिने चढून आले. तुम्ही कणकेच्या हातांनीच दार उघडलंत. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं, अडचण सांगितली.

“बरं,” तुम्ही म्हणालात, “आधी चहा की आधी वर्गीकरण?”

मी भीतभीत म्हटलं, “वर्गीकरण.”

ते ऐकून तुम्ही इतक्या खूश झालात की चहा विसरूनच गेलात. मला तसंच खाली नेलंत. ब्लॉकमागच्या गळक्या नळाशी काहीबाही उगवलेलं होतं. त्यातली एक काडी तोडून माझ्या हातात दिलीत. “बोटांत फिरव.” मी फिरवली. ती अडखळत फिरली. “गवताची काडी गोल असते, सरळ फिरते. हिला तीन कडा आहेत. हा लव्हाळा.” पुस्तकात मी हे पाठ केलेलं होतं. बोटांना त्या दिवशी कळलं. तुमच्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला दोऱ्यात ओवलेलं छोटं भिंग होतं, ते तुम्ही माझ्या डोळ्याला लावलंत. आपण दोघी नळाशी उकिडव्या बसलेल्या, आणि वरून मृणाल ओरडतेय, “आई, दूध उतू गेलं!”

तुम्ही नागपूरच्या, काका मालवणचे. लग्नानंतर काकांच्या बदल्या सुरू झाल्या आणि तुमचं संशोधन एका गावाहून दुसऱ्या गावाला नेताना कुठेतरी राहून गेलं. हे मला काकांकडून कळलं. तुम्ही त्याबद्दल कधी बोलला नाहीत. मी एकदाच विचारलं होतं, तेव्हा तुम्ही म्हणालात, “भाजी निवडायला घे.”

मग ती रविवारची सहल. काकांनी गुडगावला सरकारी नोकरदारांच्या सोसायटीत फ्लॅट घेतला होता. इमारत अजून उभी राहत होती. त्या वर्षांत सगळी दिल्ली गुडगावला काहीतरी बघायला जायची. मोहरीच्या शेतांत चुन्याच्या रेघा मारलेल्या, मधेच एखादी काचेची इमारत, आणि तिच्यासमोर उंटगाडी. काकांच्या मित्राची मारुती व्हॅन मागून आणली होती. आपण तुमचं भावी स्वयंपाकघर पाहिलं, म्हणजे विटांचा एक चौकोन पाहिला. तुम्ही तिथे फारशा रमला नाहीत. “आता पक्षी बघू या,” म्हणालात, म्हणून मग पुढे तळ्यावर गेलो. होळी जवळ आली होती, थंडीचे पाहुणे पक्षी परतायच्या बेतात होते.

तिथून आणखी पुढे, फर्रुखनगरच्या रस्त्याला, मृणालला बोरं हवी झाली म्हणून व्हॅन थांबली. बाजूला एक सखल शेत होतं. मातीवर मिठाचा पांढरा थर, मधे साचलेलं पाणी, आणि पाण्याच्या कडेने गुडघाभर उंचीचे दाट हिरवे झुबके. त्यांच्या डोक्यावर गेल्या हंगामातली तपकिरी कणसं अजून तशीच वाळलेली होती. मी चपला काढून सरळ आत शिरले.

“काकू, हा आमचा आहे! आमच्या खाडीतला!”

“अगं, समुद्र कुठे, आपण कुठे?”

“मी ह्याच्यातच वाढलेय. भरती उतरली की आम्ही ह्याच्या मुळाशी खेकडे धरायचो.”

तुम्हीही आलात, साडी वर खोचून. एक झुबका हलवून हलवून उपटलात. मुळांच्या टोकाला अक्रोडासारख्या टणक काळ्या गाठी होत्या. तुम्ही कणीस भिंगाखाली धरलंत आणि फिरवून फिरवून बघत राहिलात. काकांनी दोनदा हॉर्न वाजवला. मृणाल खिडकीतून म्हणाली, “लव्हाळा मतलब घास ना, आई?” त्या दिवशी तिला बोरांसोबत बोलणीही खावी लागली.

शेतमालक चौधरी खाटेवर बसून आपली गंमत बघत होते. त्यांनी सांगितलं, इथल्या विहिरींचं पाणी पहिल्यापासून खारं, त्यांच्या आजोबांच्या वेळी लोक त्याचं मीठ करायचे. ते ऐकल्यावर तुमचं मत ठरलं. मिठाची जमीन जुनी, म्हणजे हा लव्हाळाही इथला जुनाच रहिवासी. त्याचा आमच्या खाडीशी संबंध असेलच असं नाही. मी म्हटलं, बदकांच्या पोटातून बी आलं असेल. एका पाणथळीवरून उडायचं, दुसरीवर उतरायचं, हेच तर त्यांचं काम. परतीच्या रस्त्याभर आपण भांडलो. काका म्हणाले, “तुम्हा दोघींना त्या शेतातच सोडून यायला हवं होतं.”

ओळख पटवायची तर खाडीतला नमुना शेजारी ठेवून बघायला हवा, असं तुम्ही म्हणालात. मी घरी कळवलं. अम्मीने लव्हाळा मुळासकट उपटून, वाळवून, वर्तमानपत्रात दाबून पाठवला. आणि पोरगी परमुलखात काय खात असेल या काळजीने त्याच पार्सलमध्ये वाळवलेल्या कोळंबीचे सोडे भरले. पार्सल तुमच्या पत्त्यावर आलं होतं. तुमच्या त्या शाकाहारी घरात ते उघडलं तेव्हा तुम्ही पदर नाकाला लावून गॅलरीत पळालात आणि काका आतून पळत आले. “सोडे?” ते म्हणाले. मी तो आवाज कधी विसरणार नाही. मालवण सोडल्यापासून त्यांना कुणी सोडे दिले नसावेत. त्या दुपारी तुम्ही खिडक्या सताड उघड्या टाकून, मला विचारून विचारून, नवऱ्यासाठी सोड्यांचं कालवण केलंत. स्वतः घासही घेतला नाहीत. आणि मग हात तीनतीनदा साबणाने धुऊन डायनिंग टेबलावर दोन्ही लव्हाळे शेजारी शेजारी मांडलेत.

काडी तीन कडांची, दोन्हींची. गाठी तशाच. कणसाखालची लांब पानं तशीच. तपकिरी खवल्यांच्या टोकाला तोच बारीक काटा. फक्त बियांपाशी तुम्ही अडलात. आमच्या खाडीतलं बी एका बाजूने फुगीर वाटत होतं, चौधरींच्या शेतातलं जास्त चपटं. “जात एक असावी,” तुम्ही म्हणालात, “पण खात्रीने मी सांगणार नाही.” नमुन्याच्या कागदावर लॅटिन नाव लिहिलंत आणि पुढे कंसात ‘बहुधा’. मला राग आला होता. मला वाटलं, माझ्या गावाला तुम्ही कंसात टाकलंत.

आता वाटतं, मला कुणी इतक्या प्रामाणिकपणे कधीच वागवलं नव्हतं. मला बरं वाटावं म्हणून तुम्ही तो कंस पुसला नाहीत.

पुढे तुम्हाला तो लव्हाळा वाढवायचं वेड लागलं. बिया बशांमध्ये ओल्या मातीवर पेरल्या. मी हट्टाने निम्म्या बशांत मीठ घातलं, खाडीतलं झाड आहे, त्याला खारंच लागणार. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बशा दिवसेंदिवस पडून राहिल्या, एकही कोंब नाही. मग तुम्ही त्या गॅलरीत नेल्यात. दिवसा ऊन चढायचं, रात्री अजून गारवा असायचा, आणि तो चढउतारच बियांना हवा होता. एका सकाळी तुम्ही मला मेसच्या फोनवर बोलावून घेतलंत, “ये, लवकर ये.” गोड्या पाण्याच्या बशांत हिरव्या सुया उभ्या होत्या. माझ्या खाऱ्या बशांत एकही कोंब नव्हता.

“असं कसं?” मी विचारलं.

“तुमच्या खाडीत बी कधी रुजतं?”

मी विचार केला. पावसाळ्यात. डोंगरातून पाणी उतरतं आणि खाडी काही दिवस जवळजवळ गोडी होते तेव्हा.

“बघ,” तुम्ही म्हणालात. “लहानपणी गोडं पाणी मिळालं की मोठेपणी खारं सोसतं.” आणि लगेच सावध होऊन म्हणालात, “लव्हाळ्याबद्दल बोलतेय मी.”

मग बादल्या, टब, फुटक्या कूलरची टाकी. सगळ्या गॅलरीत लव्हाळाच लव्हाळा. खालच्या शर्माआंटींनी तक्रार केली आणि मलेरियावाले तपासणीला आले. “बहनजी, ये क्या मच्छर पाल रखे हैं?” तुम्ही त्यांना आत बोलावलंत, चहा दिलात आणि प्रत्येक बादलीत सोडलेले छोटे मासे दाखवलेत. डासाची एक अळी सापडली नाही. जाताना ते शर्माआंटींचाच कूलर रिकामा करून गेले. आंटी आठवडाभर तुमच्याशी बोलल्या नाहीत, आणि मग गुपचूप दोन मासे मागायला आल्या.

त्याच वर्षी माझा दुसऱ्यांदा निकाल लागला. यादीत नाव नव्हतं.

आपलं खरं भांडण झालं ते तेव्हा. मी म्हटलं, मला पुन्हा बसायचं नाही. मला हे करायचं आहे, पाण्यातली झाडं, त्यांची रोपं. तुम्ही हातातलं भांडं ओट्यावर आपटलंत. “हा छंद आहे, नसीमा. ह्याने पोट भरत नाही. माझ्याकडे बघ.” मी म्हटलं, “तुमच्याकडे बघूनच म्हणतेय.” तुम्ही पाठ फिरवून भांडी घासायला घेतलीत. ते मी कौतुकाने म्हटलं होतं आणि तुम्हाला ते टोमण्यासारखं लागलं, हे मला जिना उतरताना कळलं. पण परत वर यायचा धीर झाला नाही. त्यानंतर बरेच दिवस मी तुमच्याकडे फिरकले नाही. घरून निरोप येत होते, आता ये, स्थळं बघू.

आणि एका सकाळी तुम्ही मुनीरक्यातल्या माझ्या दाराशी उभ्या. हातात फावडं. जिने चढून धाप लागलेली.

“चौधरींनी शेत विकलं. तिथे कॉलनी होतेय. भराव टाकायला लागलेत. चल.”

तुम्ही खोलीत डोकावला नाहीत, म्हणून तुम्हाला दिसलं नाही. माझी ट्रंक बांधलेली होती, काकू. संध्याकाळच्या गाडीचं तिकीट उशीखाली होतं. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. आधी सांगायची लाज वाटली आणि नंतर गरज वाटली नाही. मी दाराला कडी लावली आणि तुमच्या हातातलं फावडं घेतलं, बस्स.

शेताच्या अर्ध्या भागावर राडारोडा पडला होता. ट्रक येत होते, जात होते. चौधरी रस्त्याशी उभे होते, पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत. त्यांच्या नव्या गाडीच्या सीटवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. तुम्ही परवानगी मागितलीत. “ले जाओ जी, मिट्टी ही तो है,” ते म्हणाले, आणि मग थोड्या वेळाने स्वतःच ट्रॅक्टरची ट्रॉली घेऊन आले. भराव टाकणाऱ्यांना त्यांनी हात करून थांबवलं. आपण दिवसभर खणलं. तुमच्या बांगड्या फुटल्या, मनगटावर रक्त आलं, तुम्ही ते पदराने पुसून पुन्हा वाकलात. दुपारी चौधरींच्या घरून ताक आलं. ते पिताना तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात, “परीक्षेचं तुझं तू ठरव.” तुमच्या तोंडून माफी म्हणून मला एवढंच मिळालं. मला ते पुरलं.

त्या गाठी कुठे लावायच्या, हा पुढचा प्रश्न. गॅलरीत त्या मावणार नव्हत्या. तोवर तुमची गुडगावची सोसायटी उभी राहिली होती आणि तिच्या मागच्या कोपऱ्यात एक सखल तुकडा होता. बोअरचं पाणी खारं, त्यामुळे तिथे लावलेलं लॉन दरवेळी जळून जायचं, आणि पावसात तिथे घाण पाण्याचं डबकं व्हायचं. तुम्ही तो मागितलात. सभा भरली. सगळे निवृत्त अधिकारी, हातात फायली असल्यासारखे बसलेले. “मॅडम, जंगल लगाएँगी? साँप आएँगे.” “फ्लॅट की वैल्यू गिर जाएगी.” काकांनी उठायची तयारी केली, तर तुम्ही त्यांना हाताने खाली बसवलंत. सभेत तुम्हाला बोलताना मी पहिल्यांदाच ऐकत होते.

“लॉन पे आपने कितनी बार घास लगाई? वो हर बार मर गई, क्योंकि वो यहाँ की नहीं है,” तुम्ही तुमच्या नागपुरी हिंदीत म्हणालात. “ये यहीं की है. इसे एक बरसात दे दो. नहीं चली तो मैं ख़ुद उखाड़ दूँगी.”

तेवढं त्यांनी दिलं. आणि काकू, तो चालला. काय चालला! पाऊस संपेपर्यंत डबक्याचा वास गेला, पाण्याचा तळ दिसायला लागला, हिवाळ्यात एक पाणकोंबडी येऊन राहिली आणि पुढच्या पावसात तिच्यामागे काळ्या पिसांची पिल्लं पोहू लागली. सापांची भीती घालणारे गृहस्थच सकाळी फिरायला येणाऱ्यांना ती पिल्लं दाखवू लागले. मग शेजारच्या सोसायटीने रोपं मागितली. मग एका शाळेने. नजफगढकडे खाऱ्या पाण्याची एक पडीक जागा मी भाड्याने घेतली, कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. नर्सरी अशी सुरू झाली. घरचे हळूहळू निवळले. अब्बा एकदा बघायला आले, वाफ्यांमधून चालत राहिले आणि म्हणाले, “हे तर आपलं खाडीकाठचं खाजण गो.” तेव्हा तुम्ही शेजारी होतात. तुम्ही हसलात, पण ‘हो’ म्हणाला नाहीत!

आणि तरी दरवर्षी निकालाच्या दिवसांत तुमचं ठरलेलं वाक्य यायचंच. “तिसऱ्यांदा बसली असतीस तर झाली असतीस.” मी म्हणायची, “बहुधा.” तुम्ही चिडायचात. परक्या माणसांना मात्र तुम्ही नर्सरी अशी दाखवायचात, जणू मी जिल्हाच चालवतेय.

शेवटच्या आजारपणात तुम्हाला बोलायला त्रास व्हायचा. मी उशाशी बसायची आणि कुठलं रोप कुठे गेलं ते सांगायची. एकदा तुम्ही डोळे मिटूनच विचारलंत, “झज्जरकडचं ते तळं?” मी म्हटलं, पावसाआधी लावणार आहोत. तुम्ही मान हलवलीत. त्यानंतरही आपण पुष्कळ बोललो, औषधांबद्दल, काकांच्या जेवणाबद्दल. पण झाडांबद्दल ते शेवटचं.

तुम्ही गेल्यावर ते तळ्याचं काम मी पुढे ढकलणार होते. काका म्हणाले, “रोपं थांबतात का कुणासाठी? जा.” आणि मृणाल म्हणाली, “मी येते.” मी चकित झाले. काचेच्या इमारतीत काम करणारी तुमची लेक, जिला लहानपणी त्या बादल्यांची शरम वाटायची. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की ती गॅलरीचा पडदा ओढून घ्यायची. तुम्हाला ते लागायचं, मला माहीत आहे.

काल गेलो. गावातल्या बायकांनी तळ्यातला गाळ काढून कडा तयार ठेवल्या होत्या. खारं तळं, वर्षानुवर्षं टाकून दिलेलं. मृणाल सुरुवातीला काठावर उभी राहून फोनवर बोलत होती. मग फोन पिशवीत टाकला, जीन्स दुमडली आणि उतरली. दुसऱ्याच पावलाला गुडघ्यापर्यंत रुतली. पाय ओढायला गेली तर चप्पल आत राहिली आणि ती मागच्या मागे चिखलात बसली. बायका धावल्या. मीही धावले, मला वाटलं आता ही रडेल.

ती हसत होती, काकू. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदाच, अगदी पोट धरून. गावातल्या बायकाही हसायला लागल्या. एका म्हातारीने तिला दंडाला धरून उभी केली. तिने चप्पल शोधलीच नाही. दुसरीही काढून काठावर फेकली आणि माझ्याकडे हात पुढे केला.

“नसीमाताई, दे,” ती म्हणाली, “किती खोल लावायचं ते फक्त सांग.”